गाळणी नसलेली गाडी

"इझव! इझव म्हणतो ना तुले! काहून जाळून राह्यला बे आमाले?"

खालच्या अंगणातून ही आरोळी आली आणि माझ्या हातातली पितळी घंटी सुटून पायाच्या अंगठ्यावर पडली. मला वाटलं, घराला आग लागली. लंगडतच खिडकीतून डोकं बाहेर काढलं, तर शेजारपाजारची डोकी माझ्या आधीच बाहेर निघालेली. अंगणाच्या मधोमध उघड्या अंगाने, खांद्यावर पंचा टाकून, पाण्याने भरलेली बादली छातीशी धरून घरमालक उभे होते आणि बादलीचा नेम माझ्या खिडकीवर होता.

"काय पेटलं, गुरुजी?"

"तूच पेटवलं! चंदनाची हाय का मोगऱ्याची, तेही सांगू का?"

मी मागे वळून पाहिलं. देवाच्या फोटोपुढे एक अगरबत्ती जळत होती. तीही अर्धी, कारण उरलेली अर्धी गावाकडून, लामत्याहून येताना बसमध्ये पिशवीतच मोडली होती.

"खोलीतला पहिला दिवस हाय म्हणून लावली, गुरुजी. देवाले..."

"देवानं तुले सांगतलं का, मले धूर आवडते म्हणून? फूल वाह्य. इझव!"

मी विझवली. बादली खाली आली, डोकी आत गेली. मग आतल्या खोलीतून कोणी बाई बारीकशी खोकली आणि शांतपणे म्हणाली, "अजी, त्याले जेवाले बलवा आता. भ्यालं असन पोट्टं."

गुरुजींची आणि माझी ओळख झाली ती अशी. मी तेव्हा बालाघाटात एका बियाण्याच्या एजन्सीत नोकरीला लागलो होतो आणि त्यांच्या माडीवरची खोली भाड्याने घेतली होती. पुढे अनेक वर्षं तिथे राहिलो, पण अगरबत्ती पुन्हा लावली नाही. देवाचीही काही तक्रार आली नाही.

गुरुजींचं नाक म्हणजे आमच्या गल्लीचं पोलीस ठाणं होतं. बैहरच्या जंगलात कोणी विडी शिलगावली तर बालाघाटात गुरुजी शिंकतात, असं लोक म्हणायचे. लोकांना वाढवून सांगायची सवय असते. मी स्वतः पाहिलं ते एवढंच, की तिकडे भरवेली गावात कोणाच्या तरी तव्यावर पोळी करपली आणि इकडे अंगणात पेपर वाचता वाचता गुरुजी म्हणाले, "पलटव ना बे तिले." याहून जास्त मी काही सांगणार नाही. उगाच लोक म्हणतील, थापा मारतो.

सरकारी शाळेत त्यांनी आयुष्यभर विज्ञान शिकवलं. विज्ञान म्हणजे मुख्यतः तीन मडकी. लाकडी घडवंचीवर एकावर एक तीन मडकी: वरच्यात कोळसा, मधल्यात वैनगंगेची रेती आणि खालच्यात स्वच्छ झालेलं पाणी. हा प्रयोग त्यांनी इतक्या पिढ्यांना शिकवला, की बालाघाटात माणूस वकील झालेला असो, दारू गाळताना पकडलेला असो नाहीतर दोन्ही असो, झोपेतून उठवून विचारलं तरी तीन मडक्यांची आकृती काढून दाखवायचा. गावात घरोघरी पाण्याची मशिनं आली, तरी गुरुजींच्या अंगणात घडवंची कायम होती. दूध गाळायचं, ताक गाळायचं, चहा तर दोनदा गाळायचा. गहू ते स्वतः निवडत, आणि त्यांनी खडे म्हणून फेकलेल्या ढिगातून काकू, म्हणजे गुरुजींची बायको, हळूच गहू परत निवडून घेत.

माणसाचं बोलणंसुद्धा ते गाळूनच घेत. कोणी काही सांगायला आलं, की पंजा वर करायचा आणि म्हणायचं, "गाळून सांग."

शेजारचे एकदा सकाळी घाबरेघुबरे आले. "गुरुजी, काल संध्याकाळी आमी जेवाले बसलोच होतो, वांग्याची भाजी होती, तेवढ्यात राजेगाववरून फोन..."

"गाळून सांग."

"मामाजी वारले."

"हां. आता कसं समजलं. चल, चप्पल घालतो."

माझं लग्न ठरल्याची बातमी मी त्यांना दोन शब्दांत दिली. त्यातला एक जास्तीचा होता, असं त्यांचं मत पडलं.

आता हा धुराचा दावा कशासाठी, ते सांगतो. काकूंना दमा होता. माझ्या खोलीच्या फरशीखालीच त्यांची खोली, त्यामुळे वारा पडला की त्यांचा श्वास मला वर ऐकू यायचा, लांबवर कोणी बारीक शिट्टी वाजवावी तसा. पण काकूंची ताकीद होती, "माह्या दम्याचा बाजार मांडाचा नाई गल्लीत. बाया येतात, हात धरतात, अन् आपापले इलाज सांगत बसतात. त्याच्यापरीस धूर परवडला." त्यामुळे गुरुजींना बायकोसाठी भांडता येत नव्हतं. ते सगळी भांडणं विज्ञानाच्या नावाने भांडत, आणि गल्ली समजत होती की म्हाताऱ्याला निवृत्तीनंतर काम उरलं नाही.

त्यातलं सगळ्यात मोठं भांडण शेठशी. शेठ म्हणजे गल्लीच्या तोंडावरचा होटेलवाला. होटेल कसलं, पत्र्याचं छप्पर, दोन बाकं आणि एक दगडी कोळशाची भट्टी. पण त्या भट्टीवरची जिलेबी खायला गोंदियाची माणसं बारात वाटेत थांबवायची. भट्टीचा धूर उठला की सरळ वळून काकूंच्या खिडकीत शिरायचा, जणू त्याला निमंत्रणच होतं. गुरुजींनी शेठला हवेतला कार्बन समजावला. शेठने जिलेबी दिली. गुरुजींनी अर्ज केले. शेठने समोसा दिला. मग गुरुजींनी शेवटचं शस्त्र काढलं. शाळेतून निरोप घेताना त्यांनी मानाची शाल परत करून त्याऐवजी फुप्फुसांचा जुना तक्ता मागून घेतला होता. तो तक्ता त्यांनी होटेलसमोरच्या खांबाला टांगला. गिऱ्हाइकाने जिलेबीचा तुकडा तोंडात घातला की समोर माणसाची काळीठिक्कर फुप्फुसं. एकेक माणूस जिलेबी हातात धरून तसाच उठून जाऊ लागला. शेवटी शेठने हात जोडले आणि गॅसची शेगडी आणली.

पण तेव्हापासून शेठ दुःखी झाला. येणाऱ्या प्रत्येकाला तो सांगायचा, "गॅसवर जिलेबी फुलत नाई, भाऊ. चपटी होते. कोळशाची आच अलगच." चहा मागितला तरी आधी हे ऐकावं लागे. जुनी भट्टी त्याने मोडली नव्हती. होटेलमागे पोत्याने झाकून ठेवली होती, शेजारी उरलेल्या कोळशाची गोणी. दिवाळीला म्हणे तिला हळदकुंकू वाहायचा.

तर अशा माणसाने, म्हणजे गुरुजींनी, डिझेलची गाडी घेतली.

कारण गोंदियाचे डॉक्टर. काकूंना महिन्यातून एकदा तिकडे दाखवायला न्यावं लागे. बस पकडली तर तिचा स्वतःचाच दमा काकूंपेक्षा जुना. रेल्वेने जावं तर फलाटाच्या पुलावर चढता चढता काकूंचा जीव अर्धा होई. मग गुरुजींच्या साडूने नागपूरच्या एका जुन्या गाड्या विकणाऱ्याचा पत्ता दिला आणि गुरुजी मला बरोबर घेऊन निघाले.

गाडी पांढरीशुभ्र होती. विकणारा गोल, हसरा, तोंडात पान. त्याला बोलायची फार हौस. "गुरुजी, या गाडीची एक खास बात सांगतो. पहिल्या मालकाले काय तरास होता, की गावातल्या गावात गाडी चालवली की मागच्या त्या..."

गुरुजींनी पंजा वर केला. "गाळून सांगा. इंजिन?"

"एक नंबर."

"टायर?"

"नवे."

"थंडी हवा?"

"बरफ! पण गुरुजी, एक गोष्ट मी सांगून देतो, मागून मनाल का सांगतली नाई..."

"गाळून सांगा म्हटलं ना. गाडी चांगली हाय का नाई?"

विकणाऱ्याने माझ्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं. "चांगली हाय."

"झालं."

त्या माणसाच्या तोंडात काहीतरी राहून गेलं होतं, हे मी पाहिलं. मला वाटलं, पान असेल.

विकणाऱ्याचा माणूस रातोरात गाडी दारात आणून सोडून गेला. नारळ फुटला, अगरबत्ती अर्थातच नाही. पुढच्याच आठवड्यात आम्ही गोंदियाला निघालो. गुरुजी चालवायला, शेजारी काकू, मागे मी. गुरुजींचं गाडी चालवणं म्हणजे वर्गावर तास घेणं. दोन्ही हात चाकावर, पाठ ताठ, वळणावर आधी सूचना, मग वळण. गावाबाहेर पडून त्यांनी जरा पाय दाबला आणि आरशात पाहून ओरडले.

"मागं ट्रक लागला, बाबू! लय धूर सोडून राह्यला. जाऊ दे त्याले पुढं."

गाडी कडेला घेतली. खिडकीतून हात काढून त्यांनी ट्रकला पुढे जायची खूण केली. आम्ही थांबलो. ट्रक आला नाही.

"वळला वाटते कुठंतरी." पुन्हा निघालो. पुन्हा पाय दाबला. "आला बे पुन्हा! काय लागला हा आपल्या मागं?"

पुन्हा कडेला. पुन्हा खूण. एक म्हैस गेली, दोन सायकली गेल्या, ट्रक काही जाईना.

"बाबू, नंबर घे त्याचा. असे लोक पाह्य, पोराबाळांच्या छातीचा काही विचार नाई! तक्रार करतो मी. तू फक्त नंबर घे."

मी वळून मागच्या काचेतून पाहिलं. मागे ट्रक नव्हता. मागे काहीच नव्हतं. रस्ता नव्हता, झाडं नव्हती, भर उन्हाचं बालाघाटच नव्हतं. नुसता काळा पडदा. त्या पडद्यातून एक मोटरसायकलवाला बाहेर आला. घरून निघताना त्याने पांढरा सदरा घातला असावा, पण आमच्या जवळून गेला तेव्हा कोर्टात निघालेला वकील वाटत होता. त्याने मान वळवून गुरुजींना जे काही सुनावलं, ते मी इथे लिहीत नाही.

"पाह्यलं? त्या ट्रकवाल्यामुळं लोक आपल्याले शिव्या देऊन राह्यले," गुरुजी म्हणाले.

असं करत करत राजेगाव आलं. तोवर आम्ही त्या ट्रकला इतक्या वेळा वाट दिली होती, की एखादा खरा ट्रक लाजून स्वतःच शेतात उतरला असता. काकूंनी नाकाला पदर लावला होता. तो जरा बाजूला करून त्या म्हणाल्या.

"अजी."

"काय?"

"आपलाच हाय."

"कोण?"

"धूर."

गुरुजींनी गाडी थांबवली. इंजिन चालूच ठेवून खाली उतरले, मागे गेले. मी आरशात पाहत होतो. सायलेन्सरपुढे ते उभे राहिले, हात मागे बांधून, नापास झालेल्या पोरासमोर उभे राहत तसे. मग परत येऊन त्यांनी काकूंचं दार उघडलं. "उतर. बाबू, जवळच्या स्टेशनावरून हिले रेल्वेनं घेऊन जा. पुलावर घाई करू नोको, थांबत थांबत चढव."

काकूंना मी रेल्वेने नेलं आणि रेल्वेनेच आणलं. गुरुजी एकटेच गाडी घेऊन माघारी फिरले, पायाने ढकलावी इतक्या हळू, सगळ्या खिडक्या बंद करून, पकडलेला आरोपी ठाण्यावर न्यावा तसे. गल्लीच्या तोंडाशी आले तेव्हा शेठ झारा हातात घेऊन बाहेरच उभा होता.

"या गुरुजी! अरे वा! भट्टी आणली काय चाकावर?"

गल्ली हसली.

दुसऱ्या दिवशी गाडीचा मिस्त्री आला. तोही गुरुजींचाच विद्यार्थी, आवाज भोंग्यासारखा, शाळेचं नाव निघालं की मोठ्याने हसणारा. गाडीखाली शिरला आणि त्याने पान्याने कशावर तरी टकटक केलं. ठण्ण. पुन्हा केलं. ठण्ण.

"गुरुजी!" तो खालूनच ओरडला. "डब्बा खाली हाय! याच्यात धूर गाळाची जाळी असते, ते काढून फेकली. आता नुसतं टिनपाट ठेवलं हाय, वरून दिसाले. अन् गाडीच्या कम्प्युटरलेही येडं बनवलं, म्हणून धोक्याची बत्ती लागत नाई. बहुत लोग करते हैं, गुरुजी. जाळी भरली का तरास देते, मंग काढून टाकतात."

गुरुजी अंगणात खालीच बसले. "म्हणजे हिची गाळणी काढली?"

"हौ."

आयुष्यभर चहा दोनदा गाळणाऱ्या माणसाच्या दारात बिनगाळणीची गाडी! त्यांनी नागपूरला फोन लावला. पलीकडून तो विकणारा इतक्या जोरात बोलला, की मला माडीवर ऐकू आलं. "मी सांगतच होतो ना गुरुजी! दोनदा तोंड उघडलं मी. तुमीच म्हटलं, गाळून सांग. मंग मी गाळलं!"

त्यानंतर दोन दिवस गुरुजी कोणालाच 'गाळून सांग' म्हणाले नाहीत. गल्लीतल्या लोकांनी ही संधी साधून त्यांना आपापल्या मुलांच्या मुंजीपासूनच्या, बारशापासूनच्या हकिकती सविस्तर ऐकवल्या.

मिस्त्री म्हणाला, खरी जाळी कंपनीतून मागवावी लागेल, वेळ लागेल, तोवर गाडी झाकून ठेवा. ठेवलीही असती. पण शेठने डिवचलं. एका सकाळी भर गल्लीत तो म्हणाला, "गुरुजी, तुमचा धूर चालते, तं माह्या भट्टीचा काहून नाई चालत? न्याय सबके लिए एक. रविवारी सगळ्यायसमोर फैसला करू. गाडी चालू करा, मागं पांढरा दुपट्टा धरा. पांढरा राह्यला, तं मी जलमभर गॅसवर. काळा झाला, तं भट्टी वापस."

"मंजूर," गुरुजी म्हणाले.

घरी येताच काकू म्हणाल्या, "नोका करू जी."

"तू पाह्य फक्त."

मी जिन्यात गाठून विचारलं, "गुरुजी, हरले तं?" त्यांनी काकूंच्या खिडकीकडे पाहिलं. ती भट्टी पुन्हा पेटली तर धूर कुठे जाणार, ते त्यांनाही माहीत होतं, मलाही. त्या दिवशी त्यांनी उत्तर इतकं गाळलं, की खाली काही उरलंच नाही.

पण संध्याकाळी अंगणातून अशी किंकाळी आली, की मी पुन्हा अंगठ्यावर काहीतरी पाडून घेतलं. गुरुजी घडवंचीसमोर उभे होते, डोळे मोठे झालेले.

"बाबू! पाणी गाळते, तं धूर काहून नाई गाळणार?"

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. त्यांनी नारळाच्या शेंड्या जमवल्या, वैनगंगेची रेती धुऊन उन्हात वाळवली. राहिला कोळसा. मडक्यातला मूठभरच, तोही ओला. गावात आता कोळसा मिळतो कुठे? तर शेठच्या होटेलमागे. गुरुजी स्वतः गेले. शेठ चक्रावला. "तुमाले कोळसा? तब्येत बरी हाय ना गुरुजी?" पण गंमत पाहायला मिळेल म्हणून टोपलंभर काढून दिला, वर 'और लगे तो बोलना' हेही. मिस्त्रीने तो रिकामा डबा कापला. गुरुजींनी आपल्या हाताने त्यात थर लावले: आधी शेंड्या, मग रेती, मग कोळसा, पुन्हा शेंड्या. आकृती काढून घेतली होती, बाणही दाखवले होते. मिस्त्रीने डबा जोडून बंद केला आणि म्हणाला, "गुरुजी, आज समजलं शाळेत काय शिकलो ते."

रविवारी सकाळी अख्खी गल्ली दोन्ही बाजूंना उभी राहिली. गच्च्या भरल्या. शेठने तर भट्टी होटेलमागून काढून, धुऊन पुसून, हळदकुंकू लावून समोर आणून ठेवली होती. ती तिथे नवरीसारखी बसली होती. शेठने स्वतः पांढरं परीटघडीचं शर्ट घातलं होतं. दुपट्टा गुरुजींचा, निरोपसमारंभात शाल परत करूनही गळ्यात राहिलेला, आणि तो सायलेन्सरमागे धरायचं काम माझ्याकडे, कारण मी भाडेकरू.

गुरुजी गाडीत बसले. चावी फिरवली. इंजिन सुरू झालं.

धूर नाही!

मी दुपट्टा पाहिला. पांढरा. अजून पाहिला. दुधासारखा. गल्लीत 'अरे!' असा आवाज उठला. शेठचा चेहरा जिलेबीच्या पिठासारखा झाला. गुरुजींनी खिडकीतून मान काढली आणि जोरात म्हणाले, "विज्ञान!"

खरं तर तिथेच थांबायचं. पण इंजिन जरा गुदमरल्यासारखं करू लागलं होतं. धूरच काय, हवाही बाहेर येत नव्हती. गाडीला ढास लागली होती आणि तिला खोकता येत नव्हतं. गुरुजींना वाटलं, जरा पाय द्यावा. त्यांनी दिला. इंजिन गुरगुरलं. त्यांनी अजून दिला. खालचा डबा आधी कोमट, मग तापून लाल व्हायला लागला. "गुरुजी, थांबा!" मिस्त्री ओरडला. गुरुजींना ऐकू आलं, "गुरुजी, दाबा!" असं ते अजून सांगतात; माझं म्हणणं, तेव्हा काहीच ऐकू येत नव्हतं.

मग ती खोकली.

मी उडालो नाही, एवढंच खात्रीने सांगतो. दुपट्टा उडाला आणि त्याला धरून मी गेलो. आधी रेती आली, बंदुकीच्या छर्ऱ्यांसारखी. मग पेटलेल्या शेंड्या, दिवाळीतल्या चक्रासारख्या फिरत. आणि मग कोळसा. धगधगीत, लालबुंद, शेठचा स्वतःचा. काळ्या धुराचा गोळा गल्लीभर पसरला, विजेच्या तारेवरची कबुतरं उडाली तेव्हा त्यांचे कावळे झाले होते. शेठच्या पांढऱ्या शर्टाची गत सांगायला नको. एक निखारा टप्पे खात खात गेला आणि हळदकुंकू लावलेल्या भट्टीत जाऊन अलगद बसला. मी खोटं बोलत नाही. भट्टी पेटली.

"गुरुजी!" धुरातून शेठ नाचत ओरडत होता. "हे तं माहीच भट्टी हाय! तुमी गाडीत माहीच भट्टी बसवली! मी जिंकलो! भट्टी वापस!"

आणि तेवढ्यात फाटक वाजलं. आवाज ऐकून काकू बाहेर आल्या होत्या. त्यांना वाटलं असेल, गुरुजी गेले. त्या फाटकाशी उभ्या राहिल्या, दोन पावलं टाकली आणि धुराच्या लोटात पायरीवर बसल्या. हात छातीवर. आणि ती शिट्टी, जी मी फरशीतून ऐकायचो, ती पहिल्यांदा सगळ्या गल्लीने ऐकली.

गुरुजी गाडीतून पडतच उतरले. तोंड काळं, फक्त डोळे दिसत होते. त्यांना मी कधी पळताना पाहिलं नव्हतं. ते पळाले, घरात गेले, आत भांडी पडल्याचे आवाज, "पंप कोठी ठेवला, अवो, पंप!" शेठ क्षणभर नाचण्याच्याच पोजमध्ये उभा राहिला. मग त्याने भट्टीवर बादली ओतली, भट्टी फुलवायचा बांबूचा मोठा पंखा उचलला आणि काकूंसमोर उकिडवं बसून वारा घालू लागला, धूर दूर लोटत. गुरुजी दम्याचा पंप घेऊन आले. काकूंनी तो ओढला. शेठचा हात थांबला नाही. बऱ्याच वेळाने शिट्टी बारीक झाली.

"कवापासून हाय हे?" शेठने विचारलं.

काकूंनी पंप पदराखाली सारला. त्याच्या शर्टाकडे पाहून म्हणाल्या, "सोड्यात भिजव. निंघून जाईन."

त्या गाडीचं पुढे काय झालं म्हणाल, तर रीतसर झालं. कंपनीची खरी जाळी आली, कम्प्युटरचं डोकं ताळ्यावर आणलं, आणि आता ती गाडी काकूंना घेऊन गोंदियाला जाते. मागे ट्रक लागत नाही. गुरुजी मात्र वर्षातून एकदा मिस्त्रीला विचारतात, की रेती जरा जाड घेतली असती तर? मिस्त्री म्हणतो, गाळून विचारा.

पण मला सांगायची आहे ती त्या रविवारनंतरची सोमवारची सकाळ. गुरुजी आंघोळ करून निघाले. कानामागे अजून काजळी होती. शब्द दिला तो दिला, असा माणूस. मान खाली घालून ते गल्लीच्या तोंडाशी गेले. मी मागे होतो, अर्धी गल्ली माझ्या मागे. शेठ कढईवर वाकला होता. मागे भट्टी नव्हती; होटेलपाठीमागे पोतंही दिसत नव्हतं.

"शेठ," गुरुजी म्हणाले, "मी हरलो."

"हौ."

"ठरलं ते ठरलं. भट्टी कवा मांडतं?"

शेठने झाऱ्याने कढईतल्या जिलेब्या उलटवल्या. रोजच्यासारख्याच चपट्या पडल्या होत्या, एकही फुलली नव्हती. त्याने वर न पाहता सांगितलं, "गॅसवर चांगली फुलते जिलेबी."